घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम: गिऱ्हाईक येतं कुठून?

आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचायला आला असाल तर बसा निवांत. बोलताना जे दहा वेळा "म्हणजे" आणि "तर मग" झालं ते गाळलंय, आकडेमोड लिहून दाखवली आहे. बाकी बोलणं आहे तसंच.

इचलकरंजीहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात सात वर्षं काम केलेलं. टॅली येतं, एक्सेल येतं, इंग्रजीत पत्र लिहिता येतं. दुसऱ्या बाळानंतर नोकरी सुटली. मग घरून व्हर्च्युअल असिस्टंटचं काम करायचं ठरवलं, फेसबुकवर पेज उघडलं, पोस्टर केलं, तीन महिने रोज व्हॉट्सॲप स्टेटसला लावलं. काम शून्य. वर मामेसासऱ्यांनी विचारलं, "हे ते साखळीचं मार्केटिंग तर नाही ना?" दिवाळीपर्यंत महिन्याला पंधरा-वीस हजार यायला लागले नाहीत, तर ओळखीच्या साडीच्या दुकानात काउंटरला उभं राहावं लागेल आणि धाकटीला पाळणाघरात ठेवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. आणि शेवटी प्रश्न: "बारा हजारांचा एक ऑनलाइन कोर्स आहे, तो करू का?"

ताई, बारा हजार सध्या जवळच ठेवा. तुम्हाला काम येतंय. तुम्ही ते ज्या शब्दांत विकताय तो शब्द गिऱ्हाइकाच्या डोक्यातच नाही, अडचण ती आहे.

बघा ना. सांगलीतला एखादा डॉक्टर सकाळी उठून "मला आज एक व्हर्च्युअल असिस्टंट हवी बुवा" असं म्हणतो का? तो म्हणतो, "रिसेप्शनवरची मुलगी परत सुट्टीवर गेली." सीए म्हणतो, "दहा तारीख आली, अर्ध्या लोकांनी बिलंच दिली नाहीत." गुहागरचा होमस्टेवाला म्हणतो, "रात्री अकराला चौकशी येते, सकाळी उत्तर देईपर्यंत पार्टीने दुसरीकडे बुकिंग केलेलं असतं." ही वाक्यं म्हणजे तुमचं मार्केट. "व्हर्च्युअल असिस्टंट" हा शब्द परदेशी गिऱ्हाइकासाठी आणि लिंक्डइनसाठी ठेवा. गावात आणि ओळखीत "मी घरून ऑफिसची कामं करते" एवढं म्हटलं तरी समोरच्याला जास्त कळतं.

आणि ते पोस्टर. त्यावर काय होतं? डेटा एंट्री, ईमेल, सोशल मीडिया, ट्रॅव्हल बुकिंग, पीपीटी, ट्रान्सलेशन, "आणि बरंच काही". सगळं करते म्हणणाऱ्या माणसाला नेमकं कोणतं काम द्यायचं ते लोकांना सुचत नाही. आपण नळ गळायला लागला की प्लंबरला फोन करतो, "सर्व प्रकारची घरगुती कामे" वाल्याला नाही.

एक गिऱ्हाईक, एक डोकेदुखी

तर पहिली गोष्ट, कुणाची कोणती डोकेदुखी आपण घेणार ते ठरवायचं. ती शक्यतो आपल्या जुन्या नोकरीतून निघावी, कारण तिथलं बोलणं आपल्याला येतं. या ताईंच्या बाबतीत मला दोन जागा दिसतात.

एक, सीएचं ऑफिस. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० तारखेपर्यंत जायचं असतं. म्हणजे १ ते १० या दिवसांत सीएच्या ऑफिसात काय चालतं? आर्टिकलशिपची पोरं एकेका क्लायंटला फोन करत बसतात. "शेठ, सेलची बिलं पाठवा." "पाठवतो." परत फोन. शेठ लग्नाला गेलेत. या कामाला सीएची डिग्री लागत नाही. चिकाटी, गोड बोलणं आणि एक नीट ठेवलेली शीट लागते. सूत व्यापाऱ्याकडे सात वर्षं वसुलीचे फोन केलेल्या बाईपेक्षा हे कोण चांगलं करणार?

दुसरी जागा, हाउसिंग सोसायट्या. इथे आपल्याकडचे लोक फारसं बघत नाहीत, आणि मला तर हे सोनं वाटतं. सोसायटीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. हे सगळं करणार कोण? सेक्रेटरी, जो स्वतः कुठेतरी नोकरी करतो आणि रात्री साडेनऊला जेवून झाल्यावर सोसायटीची फाइल उघडतो. मेंटेनन्सची बिलं तयार करणं, थकबाकीदारांना आठवण देणं, सभेची नोटीस आणि इतिवृत्त टाइप करणं, पाण्याच्या टँकरचा हिशेब ठेवणं. हिशेब तपासायला ऑडिटर असतो, पण रोजचं हे बारीकसारीक काम पडूनच राहतं. पुण्या-ठाण्याच्या सोसायटीचं हे काम इचलकरंजीत बसून करता येतं. आणि एका सेक्रेटरीचं काम नीट झालं की शेजारच्या सोसायटीला कळायला वेळ लागत नाही. जिन्यातच बोलणं होतं.

तुमची पार्श्वभूमी वेगळी असेल तर जागा वेगळी निघेल. क्लासमध्ये काम केलं असेल तर क्लासवाले: फीची आठवण, गैरहजर मुलांच्या पालकांना फोन. दवाखान्यात केलं असेल तर फॉलोअपचे फोन. शोधायची पद्धत तीच.

पहिला मेसेज

आता पोस्टर बंद. एक वही घ्या आणि तीस नावं लिहा: जुने मालक, त्यांच्याकडे येणारे दलाल, जुन्या ऑफिसचे सीए, दिराच्या सोसायटीचा सेक्रेटरी, वर्गातली मैत्रीण जिचा नवरा डॉक्टर आहे. यातल्या सगळ्यांना काम मागायचं नाही. निम्म्यांना फक्त विचारायचं, "असं काम कुणाला लागेल, ओळखीत कुणी आहे का?" मराठी माणसाला काम मागायला जड जातं, पण ओळख विचारायला कसली लाज? सांगणाऱ्यालाही बरं वाटतं.

ज्यांना काम मागायचं त्यांना एकेकाला वेगळा मेसेज. ब्रॉडकास्ट नको. एक तर ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, आणि अनोळखी लोकांना ढीगभर मेसेज पाठवले, त्यातल्या काहींनी रिपोर्ट केलं, तर व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. अनोळखी नंबरांच्या याद्या विकत घेऊन फोन करणं तर अजिबात नको. नको असलेल्या धंद्याच्या कॉलबद्दल माणूस १९०९ वर तक्रार करू शकतो, आणि मुख्य म्हणजे त्यातून काम मिळत नाही, शिव्या मिळतात.

सीएला पाठवायचा मेसेज साधारण असा:

"नमस्कार सर. अमुक ट्रेडर्सच्या ऑफिसात बिलांचे कागद सात वर्षं मी बघत होते, तुमच्याशी दोन-तीनदा बोलणं झालं आहे. आता मी घरून काम करते. महिन्याच्या १ ते १० तारखेत तुमच्या क्लायंटना फोन करून बिलं मागवणं, आणि कुणाचं आलं, कुणाचं राहिलं याची शीट रोज संध्याकाळी सहाला तुम्हाला पाठवणं, एवढं एकच काम मी करते. पुढच्या महिन्यात दहा क्लायंटवर करून बघायचं असेल तर ३,००० रुपये होतील. मंगळवारी अकरानंतर पाच मिनिटं फोन केला तर चालेल का?"

यात काय आहे ते बघा. ओळख कुठली ते पहिल्याच ओळीत आहे. एकच काम आहे. समोरच्याला काय मिळणार ते दिसतं: रोज सहाला शीट. किंमत लिहिलेली आहे, म्हणजे "किती घेता?" हा अवघड प्रश्न त्याला विचारावा लागत नाही. आणि शेवटी मागणी छोटी आहे, पाच मिनिटांची. "काही काम असेल तर कळवा" असं लिहिलं की समोरचा "हो नक्की" म्हणतो आणि विसरतो. त्यात त्याचीही चूक नाही.

हा मेसेज पाठवायचा कधी? २१ ते २५ तारखेला. दहा तारखेला सीएला मेसेज केला तर तो वाचणारसुद्धा नाही, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात केलात तर माणूस वैतागेल. सोसायटीच्या सेक्रेटरीला रविवारी सकाळी दहानंतर. डॉक्टरला दुपारी दोन ते चार, ओपीडी नसताना. गिऱ्हाइकाचा दिवस कसा जातो हे आपल्याला माहीत आहे, एवढं त्या वेळेवरूनच त्याला कळतं.

तीस नावांतून दोघांनी जरी "या महिन्यात करून बघू" म्हटलं तरी सुरुवात झाली. उत्तर न आलेल्यांना दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण द्यायची. दुसऱ्यांदा नाही.

फुकट नको, छोटं करा

"पहिला महिना फ्री करून देऊ का?" हे मला प्रत्येक भागानंतर कुणीतरी विचारतंच. माझं मत स्पष्ट आहे, नको. फुकटच्या कामाला समोरचा माणूस वेळ देत नाही, माहिती देत नाही, आणि महिन्यानंतर पैसे मागितले की त्याला ती दरवाढ वाटते. काम छोटं करा, दहा क्लायंट, एक सोसायटी, एक आठवडा, पण पैसे घ्या.

पैसे किती? इथे वही काढा. समजा महिन्याला हातात २०,००० हवेत. मुलं शाळेत असताना आणि दुपारी झोपल्यावर मिळून दिवसाला चार तास होतात. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ८८ तास. पण त्यातला साधारण पाव वेळ काम शोधणं, बिलं करणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यात जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. उरले ६६ तास. इंटरनेट, फोन आणि पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायचे मिळून २,००० धरा. म्हणजे ६६ तासांत २२,००० यायला हवेत. तासाला झाले ३३३ रुपये. फेसबुकच्या ग्रुपवर लोक तासाला शंभर रुपये सांगतात ना, त्या दराने याच ६६ तासांचे ६,६०० होतात, खर्च जाऊन ४,६००. ताईंनी विचारलेल्या पाळणाघराचे पैसेसुद्धा निघायचे नाहीत त्यातून.

पण गिऱ्हाइकाला तासाचा दर सांगू नका. सेक्रेटरीला "तासाला ३३३" ऐकलं की बाईच्या हिशेबापेक्षा घड्याळाचाच हिशेब दिसायला लागतो. त्याला सांगा, "बिलं, थकबाकीची आठवण आणि एका सभेचे कागद, महिन्याला ५,०००." आतल्या आत तुम्हाला माहीत आहे की हे पंधरा तासांत बसवायचंय. वीस तास लागायला लागले तर पुढच्या तिमाहीत बोलायचं.

विश्वासाचं काय?

आता गिऱ्हाईक तोंडाने बोलत नाही पण मनात असतो तो प्रश्न: "न पाहिलेल्या बाईच्या हातात माझे कागद कसे देऊ?" सगळ्या मार्केटिंगमध्ये मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि पोस्टरवर तो कधीच नसतो.

तो विचारायच्या आधी तुम्ही सांगायचं. मला पासवर्ड नको. जीमेलमध्ये पासवर्ड न देता दुसऱ्याला मेल बघायची आणि उत्तर द्यायची परवानगी देता येते, त्याला डेलिगेशन म्हणतात. ते कसं करायचं हे मीच तुम्हाला फोनवर दाखवते. गुगल कॅलेंडर आणि शीट शेअर करता येतात आणि एका क्लिकवर काढूनही घेता येतात. बँकेचा ओटीपी मी मागणार नाही, तुम्ही दिलात तरी घेणार नाही. काम थांबलं की तुमची फाइल माझ्याकडे राहणार नाही. ही चार-पाच वाक्यं एका पानावर लिहून पीडीएफ करा आणि पहिल्या फोननंतर लगेच पाठवा. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, त्यामुळे दवाखाने आणि सीए याबाबत आता जरा जास्तच जागे झालेत. तुम्ही आधीच तयार आहात हे दिसलं की निम्मं काम झालं.

नमुना म्हणून दाखवायला काही नसेल तर खोट्या नावांची एक शीट बनवा. "अ ट्रेडर्स, ब टेक्स्टाइल", आलं, राहिलं, तिसरा फोन कधी केला. मोबाइलवर उघडली तरी नीट दिसेल अशी. जुन्या मालकाची खरी शीट नावं पुसून दाखवायची नाही. ज्याला दाखवाल तो मनात म्हणेल, उद्या माझीही अशीच दाखवेल.

आणि शिफारस मागायची वेळ असते. सभा पार पडली, नोटीस वेळेत गेली, कुणी भांडलं नाही, त्या रात्री सेक्रेटरीला मेसेज करायचा, "दोन ओळी लिहून द्याल का? आणखी एका सोसायटीला दाखवते." महिन्याभराने मागितलं तर "खूप छान काम" एवढंच येतं. त्या रात्री मागितलं तर "नोटीस पहिल्यांदाच वेळेत गेली" असं येतं. दुसऱ्या वाक्यावर काम मिळतं.

ऑनलाइन किती दिसायचं?

थोडंच. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, शक्यतो वेगळ्या नंबरवर. कॅटलॉगमध्ये दोन किंवा तीन पॅकेजेस, किमतीसकट. कामाच्या वेळा भरा आणि वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज लावा. घरून काम करणाऱ्या बाईला रात्री दहाला "जरा एक छोटंसं" सांगणारे फार असतात, त्यांना तो मेसेज उत्तर देतो आणि तुम्हाला वाईटपणा येत नाही. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत पदवी न लिहिता काम लिहा. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमागे मात्र लागू नका. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटणाऱ्या धंद्यांसाठीच ती सोय आहे, फक्त ऑनलाइन काम असेल तर गुगलच्या नियमात ते बसत नाही. वेबसाइट, लोगो, रील्स पाचव्या गिऱ्हाइकानंतर.

बीएनआय किंवा सॅटर्डे क्लबसारख्या उद्योजकांच्या गटांबद्दलही विचारलं होतं. बीएनआयच्या एका चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच सभासद घेतात, त्यामुळे शिरकाव झाला तर फायदा आहे. पण वर्षाची फी आहे, दर आठवड्याला मीटिंग आहे, आणि ती बहुधा ऐन डब्याच्या वेळेला. सुरुवातीला कुणाच्या तरी पाहुण्या म्हणून एकदा जाऊन या, पैसे नंतर भरा.

अपवर्क आणि फायव्हर. इथे काम आहे, पण पहिलं काम मिळायला वेळ लागतो, आणि दिवाळीपर्यंत पैसे हवे असतील तर पहिला भर इथे नको. फायव्हर तुमच्या कमाईतले २० टक्के घेतं. अपवर्कवर मे २०२५ पासून नव्या करारांवर शून्य ते १५ टक्के कापले जातात, शिवाय प्रत्येक अर्जाला "कनेक्ट्स" खर्च होतात. तिथे भेटलेल्या गिऱ्हाइकाशी दोन वर्षं बाहेर परस्पर पैशांचा व्यवहार करता येत नाही, तो त्यांचा नियम आहे. आणि काम देण्याआधी "रजिस्ट्रेशन फी" किंवा "सिक्युरिटी डिपॉझिट" मागणारा, टेलिग्रामवर या म्हणणारा, तो गिऱ्हाईक नाही, तो चोर आहे. ब्लॉक करून पुढे चला.

परदेशातली कामं घ्यायची तर आधी घड्याळ बघा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तिथले नऊ म्हणजे आपले साडेदहा. लहान मुलं असलेल्या बाईला हे सगळ्यांत सोयीचं. लंडनचं ऑफिस आपल्या दुपारी सुरू होतं. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, ऐन स्वयंपाकाच्या वेळी. आखातात आणि अमेरिकेत छोटे धंदे करणारी मराठी माणसं आहेत, तिथली महाराष्ट्र मंडळं आहेत. नात्यातलं कुणी तिथे असेल तर त्या तीस नावांत त्यांचंही नाव घाला. पैसे आले की बँकेकडून आवक रकमेचा दाखला मागून फाइलला लावा.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी दीड हजार मागणाऱ्या एजंटला हात जोडा. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्याकडे साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. गिऱ्हाइकाशी एक पानाचा करार हवा: काम काय, काय नाही, पैसे कोणत्या तारखेला, थांबवायचं तर किती दिवस आधी सांगायचं. नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी.

आणि एक शेवटचं. दोन सोसायट्या आणि एक सीए मिळाला की वही बंद होते. हात भरलेले असतात, मग कोण मेसेज करत बसणार? मग सोसायटीची कमिटी बदलते, नवा सेक्रेटरी स्वतःच्या भाच्याला काम देतो, आणि त्या महिन्याचे ५,००० गेले की परत पहिल्या पानापासून सुरुवात. म्हणून शुक्रवारचा एक तास त्या वहीचाच. तीन जुन्या नावांना चौकशीचा मेसेज, दोन नवी नावं, एका गिऱ्हाइकाला "आणखी कुणाला सांगाल का?" एवढंच. तो तास आपण वर हिशेबात आधीच धरलेला आहे, त्या पाव वेळात.

पुढच्या भागात बिल कसं लिहायचं आणि उशिरा पैसे देणाऱ्याला काय बोलायचं ते घेऊ. इचलकरंजीच्या ताई, तुमची तीस नावं झाली की किती उत्तरं आली ते आम्हाला कळवा.